नालीची तक्रार आणि मैद्याची खळ

राजूरला मी एका संघटनेचं काम करते आणि काकूंच्या घरी मागची खोली भाड्याने घेऊन राहते. स्वयंपाकघर दोघींत एकच. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या सिंकचं पाणी उतरेना. दोन भांडी विसळली की पाणी काठापर्यंत यायचं आणि तासभर तसंच थांबायचं. काकूंचे गुडघे दुखतात, तरी त्या खरकटं पाणी बादलीत भरून अंगणाबाहेर टाकायला न्यायच्या.

कारण शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, धूळ नालीत बसते, ग्रामपंचायत नाली उपसत नाही. पत्रकं लिहायची सवय लागली की दोषी आधी सापडतो. मी पानभर तक्रार लिहिली, त्यात 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' दोनदा आलं. गल्लीतल्या बायका माझ्या कागदावर सही करणार नव्हत्या. मी सहा महिन्यांची भाडेकरू. म्हणून कागद काकूंनी फिरवला.

"पोरी, नाली खरंच भरली ना?" जाताना त्यांनी विचारलं होतं. "मले रोज याच बायाइत राहाचं हाय."

"शंभर टक्के," मी म्हटलं. नालीवर फरश्या टाकलेल्या. आतलं मी पाहिलंच नव्हतं.

नऊ सह्या आल्या. सगळ्या काकूंच्या शब्दावर.

तोवर मी सिंकमध्ये रोज उकळतं पाणी ओतत होते, कारण सगळे तेच सांगतात. पाणी आणखी हळू जाऊ लागलं. त्याचाही राग मी पंचायतीवरच काढला.

कागद द्यायच्या सकाळी काकूंनी बाहेरची एक फरशी सब्बलीने उचलली आणि बादली थेट नालीत रिकामी केली. मी हातात तक्रार घेऊन शेजारी उभी. पाणी क्षणात पुढे निघून गेलं.

"नाली तं वाहून राह्यली," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "आता घरातलं पाहा."

मी सिंकखाली बादली लावली आणि पाईपला लागलेली प्लास्टिकची वाटी फिरवून काढली. आत पांढरा गोळा, त्यात चहाची पूड रुतलेली. दाबला तर रबरासारखा. ओळखायला वेळ लागला नाही. दर आठवड्याला मी पोस्टरं चिकटवायला मैद्याची खळ शिजवते आणि उरलेली पातेल्यासकट त्याच सिंकमध्ये धुते. वरून उकळतं पाणी ओतून मी ती पाईपातच पुन्हा शिजवत होते.

"हे काय वो?"

"माझी खळ आहे, काकू."

त्यांनी तारेचा तुकडा आणून दिला. मी पाईप खरवडला, वाटी धुतली, परत बसवली, थंड पाणी सोडलं. सिंक भराभर रिकामं झालं. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही.

"बायाइले आता मी नाही सांगनार," त्या म्हणाल्या. "तुह्या सांगन्यावरून एकदा गेली. आता तू जा."

गेले. निषेध कसा करायचा ते संघटनेत आम्हाला शिकवतात, चुकलं म्हणून दारोदार कसं सांगायचं ते शिकवत नाहीत. पहिल्याच दारी शेंगा सोलत बसलेल्या बाईला सांगितलं, नाली साफ आहे, चूक माझी, काकूंची नाही.

"काकूची नाहीच राहात," ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. "तिनं सांगतलं म्हनून तं सही केली. मंग ते सही आता कोळशाच्या धुळीवर लाव. ते तं खोटी नाही ना?"

मी म्हटलं, तसं चालत नाही. सही ज्या मजकुराखाली केली त्याचीच असते.

"मंग नवा मजकूर लिहून आन. करतो सही. पन या बारीनं आधी पाहून ये, बाई."

अजून आठ दारं होती.