एल्डर इंगळे आणि मार्थाबाईंचे दृष्टांत

एका खोलीत तीच माणसं दर शनिवारी चपला काढून बसू लागली, की काही वर्षांत दाराशी चपलांपेक्षा किस्सेच जास्त होतात. आता मी भिलाईजवळच पद्मनाभपुरात मुलाकडे असते. जुन्या मंडळीतलं कुणी आलं, की सून पोहे टाकते आणि आम्ही सुरू होतो. नातवंडं विचारतात, "दादी, फिर क्या हुआ?"

भिलाईत तेव्हा रशियाच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा राहत होता. सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी सूर्य बुडेपर्यंत शब्बाथ, सगळं काम बंद. बहुतेक सगळे भंडारा-गोंदियाकडचे, आणि प्रभू लवकरच परत येणार या खात्रीचे. इतक्या खात्रीचे, की आमच्या ह्यांनी कित्येक दिवस खिडकीला पडदाच लावला नाही. "कायले खिळे ठोकतं? जायचंच तं हाय!"

मंडळीचे प्रमुख, म्हणजे एल्डर, होते इंगळेभाऊ. प्लांटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, चार्जमन. कडक शिस्तीचे, मे महिन्यातही शर्टाचं वरचं बटण लावणारे. आणि मार्थाबाई विधवा, साइटवर विटा वाहणारी रेजा. बाईंना दृष्टांत व्हायचे. प्रार्थनेत मध्येच उभ्या राहायच्या, डोळे मिटून बोलायच्या. आणि का कोण जाणे, दृष्टांतात नेमके इंगळेभाऊच सापडायचे!

काहींना हे खपत नव्हतं. एका रेजानं एल्डरला सगळ्यांसमोर बोलावं म्हणजे काय? तक्रार नागपूरच्या मोठ्या पाळकसाहेबांपर्यंत, म्हणजे आमच्या सगळ्या मंडळ्यांवरच्या धर्मगुरूंपर्यंत गेली. बाईंनी मंडळीत बोलायचं की कायमचं गप्प बसायचं, ते येऊन ठरवणार होते. आमच्या डोक्यावर ती टांगती तलवारच होती.

*

चहा टाळावा अशी आमच्या मंडळीची शिकवण, पण इंगळेभाऊंना तो फार प्रिय. एका शनिवारी बाई उभ्या राहिल्या. "मले दिसलं, एल्डर भाऊच्या पोटात काळं पानी खळखळून राहिलं."

भाऊंनी त्याच दिवशी चहा सोडला. आठवडाभर डोकं धरून बसायचे. प्लांटमध्ये रशियन इंजिनियर लोक त्यांना बिनदुधाचा चहा पाजायचे, त्यांना नाही कसं म्हणायचं? शेवटी भाऊंनी भीत भीत विचारलं, "बाई, रशियन चहा चालते का?"

बाई म्हणाल्या, "कावून? देवाले रशियन येत नाही का?"

*

आमचं पुलपिट, म्हणजे उपदेश करायचा उंच मेज, मशिनच्या खोक्यांच्या फळ्यांचं होतं. त्यावर रशियन अक्षरं तशीच राहिली होती. आम्हाला ती शोभेची वाटायची. एकदा एक रशियन साहेब गंमत म्हणून उपासनेला आला आणि पुलपिट वाचून हसत सुटला. दुभाष्यानं सांगितलं, "लिहिलंय, नाजूक माल, आपटू नका."

सगळे ओशाळले. मार्थाबाई तेवढ्या गंभीर. "फळीवर कायले लिहिलं? एल्डर भाऊच्या पाठीवर लिहाले पायजे होतं!"

सगळ्यात आधी कोण हसलं सांगू? इंगळेभाऊ! वरचं बटण लावलेला तो माणूस त्या दिवशी डोळे पुसेपर्यंत हसला. मला ते तेव्हापासून आवडू लागले.

*

पावसाळ्यातला एक शनिवार. दिवसभर ढग, सूर्याचा पत्ता नाही. कुणाकडे चालू घड्याळ नव्हतं. आभाळाची लाली गेली की शब्बाथ संपला, मग चुली पेटवायच्या, असं ठरलं. आम्ही गाणी म्हणतोय, स्तोत्रं म्हणतोय, लाली काही जाईना! पोरं भुकेनं रडकुंडीला आली. इंगळेभाऊ दारात जाऊन बघायचे आणि परत येऊन म्हणायचे, "अजून हाय. आनखी एक गाणं घ्या."

मार्थाबाई उशिरा आल्या. भाऊंनी विचारलं, "बाई, काही दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं ना. भट्टीची तापलेली मळी सांडून राहिले प्लांटवाले, त्याची लाली हाय ते. सूर्य कवाचाच गेला. पोराइले जेवाले घाला!"

यासाठी दृष्टांताची गरज नव्हती. पण लोखंड वितळवल्यावर उरणारी ती लालभडक मळी प्लांटमध्ये रोज बघणारे आमचे सगळे पुरुष त्या खोलीत बसलेले होते, हे मी अजून त्यांना ऐकवते.

*

पुढे भाऊंना नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत फोरमनची जागा देऊ केली गेली. मोठा क्वार्टर, पण शनिवारी ड्यूटी. इथे ते इतरांच्या रविवारच्या पाळ्या करून आपला शनिवार सोडवायचे, तिथे ते जमणार नव्हतं. त्यांनी कुणाला म्हणून सांगितलं नाही. शनिवारी बाई उठल्याच. "एल्डर भाऊचा एक पाय खदानीत दिसून राहिला."

भाऊ पांढरेफटक पडले. सोमवारी जाऊन नकार देऊन आले. पण त्याआधी त्यांची बायको भर उपासनेत उभी राहिली. "मले नाही सांगतलं, आन् देवाले सांगतलं?"

*

आणि मग पाळकसाहेब आले. खोली गच्च भरली, बाहेर ओट्यावरही माणसं. बाई कोपऱ्यात सतरंजीवर, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या.

साहेब सभ्य माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "इंगळे, ही बाई देवाकडून बोलते असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"हो साहेब."

"कशावरून?"

भाऊ म्हणाले, "इतक्या वर्सात तिनं माझी एक डाव तारीफ नाही केली. खोटी असती तं एल्डराले तरी खूश ठेवलं असतं."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "मंडळीत फूट पडू देता येणार नाही. आजपासून बाई गप्प राहतील, नाहीतर तुम्ही एल्डर राहणार नाही. काय ते सांगा."

खोलीत एकच खुर्ची होती, एल्डरची. इंगळेभाऊ त्या खुर्चीवरून उठले आणि खाली आमच्यात सतरंजीवर येऊन बसले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

साहेबांनाही ते लागलं असावं. बाईंकडे वळून जरा कडकपणे म्हणाले, "तुमच्यामुळे या माणसाचं एल्डरपण गेलं. हे नाही का दाखवलं देवानं तुम्हाला?"

"दाखवलं ना साहेब," बाई खाली बघत म्हणाल्या. "देव बोलला, मार्था, तू चुप बस, एल्डराले राहू दे. मी कालच त्याइच्या घरी जाऊन सांगून आली."

साहेब भाऊंकडे बघतच राहिले. "मग?"

इंगळेभाऊंनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"बाकी सगळे दृष्टांत मानले साहेब," ते म्हणाले. "हा एक नाही मानला."