पॉइंट टू-फाइव्ह बोंद्रे

हसायला माझी काही हरकत नाही, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा फजितीचा किस्सा ऐकताना एकाने आमच्या सोफ्यावर चहा सांडलाय.

तर, मिनेसोटातला हिवाळा म्हणजे माणूस पाच महिने घरात बंद. कोणी गिटार शिकतं, कोणी ब्रेड भाजतं. मी काय केलं? काडतुसं! शेजारचा गॅरी, रिटायर्ड मेकॅनिक, त्याने मला 'वाइल्डकॅट'चं वेड लावलं. घाबरू नका, मांजर-बिंजर नाही. दुकानातल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, बारीक करायची, मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, जरा मागे ढकलायचा, की जगात कुठेच विकत मिळत नाही असं आपलं स्वतःचं काडतूस! त्याला नावही आपलंच देता येतं. माझं, 'पॉइंट टू-फाइव्ह बोंद्रे': गोळी पाव इंच जाडीची, आडनाव आमचं. आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावाने साधी गल्ली नाही, आणि इथे डायरेक्ट काडतूस!

सगळा हिवाळा बेसमेंटमध्ये घालवून पन्नासेक पुंगळ्यांचा डबा भरला. गॅरीने त्या मापाची रायफलही तयार ठेवली. एप्रिलमधल्या एका रविवारी नेमबाजीच्या रेंजवर, तिथेच दारू-गोळी भरून, चाचणी ठरली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुण्याहून सासूबाई आल्या.

"आईंना यातलं काही कळता कामा नये," मी बायकोला, शलाकाला, बजावलं. "बंदूक म्हटलं की बीपी वर जाईल त्यांचं."

"अरे, पण आई तर..."

"पण-बिण काही नाही! मी मॅनेज करतो."

ती नुसती हसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

तिसऱ्याच दिवशी सासूबाई बेसमेंटमध्ये. हातात पुंगळी!

"मंदारराव, हे काय हो?"

तोंडात आलं ते बोललो. "उदबत्तीचं घर, आई. मी स्वतः बनवतो. हँडमेड."

"अस्सं? मग खाली भोक कशाला?"

"राख... राख पडायला."

उदबत्तीची राख खालून पडते? सांगा ना, पडते? पण एकदा थापेने स्पीड घेतला की ब्रेक लागत नाही, यार! सुगंध गोल फिरावा म्हणून मान बारीक ठेवलीय, असंही ठोकून दिलं.

"छंद चांगलाय," एवढंच म्हणून त्या वर गेल्या. मी स्वतःवर इतका खूश, की त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो.

शनिवारी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू. मला घराबाहेर काढलेलं. संध्याकाळी परत येतो तर आंब्याची डाळ संपलेली, पन्हं संपलेलं, आणि बेसमेंटमधला माझा डबा रिकामा!

"आई, माझ्या पुं... माझी उदबत्तीची घरं?"

"वाटली की! प्रत्येकीला जोडी दिली. खूप आवडली हो सगळ्यांना."

काय करता? गाडी काढली आणि ईडन प्रेरीतल्या मराठी घरांच्या बेल वाजवत सुटलो. "सॉरी, त्यात जरा डिफेक्ट आहे, परत देता का?" प्राजक्ताताईंनी तर देवापुढे उदबत्ती लावलीसुद्धा होती. त्यांची लेक शांतपणे म्हणाली, "आई, दॅट्स फ्रॉम अ बुलेट."

प्राजक्ताताईंनी अख्खा तांब्या ओतून उदबत्ती विझवली. देवांनाही आंघोळ झाली.

"मंदार! हळदीकुंकवात काडतुसं वाटतोस?"

"अहो, रिकामी आहे! फुटत नाही!"

ऐकतंय कोण? मी गाडीत बसेपर्यंत बायकांच्या ग्रुपवर मेसेज गेला: 'बोंद्रेंकडची उदबत्ती कोणीही पेटवू नका!!' पुढच्या तीन घरांत मला दारातच पिशवी मिळाली. एकीने तर ती चिमट्याने धरली होती.

घरी आलो आणि सासूबाईंसमोर मान खाली घातली. "आई, माफ करा. ती उदबत्तीची घरं नाहीत..."

"पुंगळ्या आहेत. ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होते मी. पुंगळ्याच तपासायचे. इन्स्पेक्शनला."

मी शलाकाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

लग्नाला बारा वर्षं झाली. सासूबाई 'सरकारी नोकरीत' होत्या, एवढंच मला माहीत. कसली नोकरी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं!

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मनापासून राखेचं समजावत होतात! म्हटलं, कशाला हिरमोड करायचा."

"पण वाटल्या कशाला? उद्या चाचणी आहे!"

"म्हणूनच वाटल्या," आता त्यांचा आवाज साहेबांचा झाला. "कोणाची मान तिरकी, कोणाच्या खांद्याला चीर. असला माल बंदुकीत घालतात होय? सगळा रिजेक्ट. चांगल्या चारच निघाल्या. त्या बाजूला ठेवल्यात."

चार तर चार! माझा जीव जरा सुपाएवढा झाला. एकतीस वर्षांच्या इन्स्पेक्टरने पास केलेल्या माझ्या चार पुंगळ्या!

त्यांनी चष्मा लावून त्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "काम सुरेख आहे हो. पण चारहींच्या बुडाशी काळ्या शाईने इंग्रजी 'जी' का लिहिलंय?"

'जी' म्हणजे गॅरी. मला नमुना दाखवायला त्याने चार करून दिल्या होत्या.