रांझीच्या बसमधले रायफलवाले

निखिल, शनिवारी तू मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार म्हणून पाठवलेला सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा फोटो मी काल रांझीला जाणाऱ्या बसमध्ये बघत होते. शेजारचे गृहस्थ बिनदिक्कत डोकावले. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट. हातातल्या छत्रीचं टोक ते चुकूनही कुणाकडे होऊ देत नव्हते. बस वळली की छत्रीही वळायची.

"काहून दीदी, शिकारीले जाऊन राहिल्या का?"

"मी नाही हो, नातू. अमेरिकेत चालतं म्हणे."

"अच्छा! मी सारी नोकरी इथल्या बंदुकीच्या कारखान्यात रायफली तपासल्या. नवी पोरं एकच चूक करत. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढली की म्हणत, झाली खाली, रिकामी! पण ही आपोआप भरते. एक गोळी सुटली की दुसरी नळीत जाऊन बसते. मॅगझिन काढलं तरी ती तिथंच."

"मग करायचं काय?"

"मॅगझिन काढायचं, बोल्ट, नळीमागचा सरकता दांडा, मागं ओढायचा, त्या उघड्या जागेतून आत पाहायचं अन् तिथूनच बोट घालूनही पाहायचं. मी तर होळीची पिचकारीपण तशीच तपासतो. बायको हसते."

त्यांचा स्टॉप आला. उतरल्यावर त्यांनी माझ्या खिडकीवर टकटक केली. "पोराले सांगा, हरीण गेलं तर जाऊ दे. पण गाडीत बसायच्या आधी बोट घाल."

मला शिकार आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले. शनिवारी तेवढं कर आणि मला फोन कर. मेसेज नको, मला तुझा आवाज ऐकायचा आहे.