हेडरची छाटणी आणि अण्णांचा ऊस

“जागा न्हाई म्हंजे? डबा तर निम्मा रिकामा हाय!” चेअरमन अण्णांनी कंट्रोलरचं झाकण काढून आत बोट घातलं.

“अण्णा, जागा चिपमध्ये नाही. प्रोग्रॅमनेच ती भरलीय.”

दिंद्रुडकडच्या एका गावाची ही पाणीवाटप सोसायटी. मी कंट्रोलर कंपनीचा प्रोग्रॅमर. आमचा डबा पाळीप्रमाणे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचा. त्या वर्षी दुष्काळ असा, की कावळे पाणी प्यायला नगरला जाऊन मुक्काम करून येत. अण्णांनी ग्रामसभेत शब्द दिला होता: उसाचं पाणी बंद, आधी जनावरांचा हौद. हौदासाठी नवा व्हॉल्व्ह बसवला, पण त्याचा कोड चिपमध्ये मावेना. मोठी चिप पुण्याहून यायची होती. म्हशी तोवर थांबणार नव्हत्या.

कोड उघडला. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर इन्क्लुडच्या ओळी असतात. म्हणजे ‘अमुक हेडर, म्हणजे सामाईक नोंदींची फाइल, इथे आणा’ असा हुकूम. आधीच्या इंजिनिअरने, बहुधा आपल्याकडची लग्नपत्रिका समोर ठेवून, प्रत्येक फाइलमध्ये सगळी हेडरं बोलावली होती. कुणी रुसायला नको! त्यातल्या एका हेडरमध्ये पाळीचं अख्खं वेळापत्रक. जी फाइल बोलावेल तिला त्याची वेगळी प्रत. चिप त्या प्रतींनीच फुगली होती.

मी ऊसतोडीला लागल्यासारखा सुटलो.

“समदंच काढता काय?” अण्णा घाबरले.

“बिनकामाचं तेवढंच.”

कंपाइल केलं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणला. एकही एरर नाही. चिपमध्ये एवढी जागा झाली, की केजचा आठवडी बाजार भरला असता.

हौदाचा कोड चिपमध्ये चढवला आणि अण्णांनी गावासमोर बटण दाबलं. हौद कोरडा. पाणी धो धो अण्णांच्या उसात!

“वा रं चेअरमन!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “म्हशींनी आता तुमच्या फडात येऊन प्यावं व्हय?”

अण्णा माझ्या कानाशी लागले. “साहेब, आपलं काय वैर हाय का? कावून असं केलंत?”

पंप बंद करून शोधलं. छाटलेल्या एका हेडरमध्ये एवढीच नोंद होती, की व्हॉल्व्हच्या मोटारी उलट्या जोडल्यात. ती दिसली, तर कोड ‘उघड’ आणि ‘बंद’ची अदलाबदल करायचा. नाही दिसली, तर मोटारी सुलट धरून मुकाट चालायचा. म्हणून हौदाचा व्हॉल्व्ह बंद झाला, बंद ठेवायचे उसाचे उघडले, आणि पाइपवर पहिला ऊस अण्णांचा. ते हेडर व्हॉल्व्हच्या फाइलमध्ये परत घातलं. हौद भरला. अण्णांचा ऊस मात्र फुकटात एक पाणी पिऊन गेला, आणि ते चुकून झालं यावर गावात आजही फक्त माझा विश्वास आहे.

एरर आली नाही, याचा अर्थ कंपायलरची तक्रार नाही, एवढाच. म्हशींना वेगळं विचारावं लागतं.