थांबा, काही दाबू नका

उंबऱ्यात पाऊल पडायच्या आधीच तो म्हणायचा, "थांबा. कोणी काही दाबू नका." नमस्कार नाही, बसतो नाही, पाणी द्या नाही. पोलादपूरच्या स्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर त्याचं नाव होतं, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे. सगळे थांबाच म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं. अंगाने काटकुळा, चष्म्याला दोरी, काखेत छत्री, मग ऊन असो की पाऊस. हसताना मी त्याला दोनदाच पाहिला.

कॉम्प्युटरची बाकी दुरुस्ती करणारे इतरही होते. पण लग्नाचा, बारशाचा व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर लागेनासा झाला, की महाडपासून आमच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत लोक थांबाला शोधत. तो आधी विचारायचा, "कॉम्प्युटर काय म्हणाला?" लोक सांगायचे, लागत नाही म्हणाला. "तसं तो म्हणत नाही. शब्दाला शब्द सांगा." कोणाला आठवत नसे, कारण पडद्यावर काही लिहून आलं की लोक आधी ते घालवतात. मग तो चिडायचा. डॉक्टरने कुठे दुखतं विचारावं आणि तुम्ही सगळीकडे म्हणावं, तसलं हे, असं पुटपुटत तो फाईलची साइज बघायला लागायचा. आकडा मोठा असला की म्हणायचा, आत माल आहे. आवाज येतो पण चित्र नाही, असं असलं तर म्हणायचा, चित्र आहे, तुमच्या कॉम्प्युटरला ती भाषा येत नाही. मग ती भाषा त्याला शिकवून जायचा.

एकदा एक बाप मुंबईहून रेल्वेने वीर स्टेशनला उतरून, रिक्षा करून, मुलीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह त्याच्याकडे घेऊन आला. पेनड्राइव्हमध्ये फाईल नव्हतीच, फाईल कुठे आहे याची नुसती खूण होती. थांबा म्हणाला, "तुम्ही पत्ता आणलात. घर मुंबईलाच राहिलं." तो माणूस आल्या पावली परत गेला.

आकडा शून्य असला तर तो गोड बोलत नसे. महाडच्या एका बाईने आपल्या गेलेल्या आईचा व्हिडिओ आणला होता. थांबा म्हणाला, "आत काही नाही. कॉपी करतानाच राहिलं." बाई रडायला लागली. याने तिला पाणी दिलं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा तेच सांगितलं. मी आमचं काम घेऊन तिथेच बाकावर बसले होते. माणूस मला तेव्हाच आवडला.

आमचं काम असं होतं. मुलाने मुंबईतला जुना कॉम्प्युटर सुनेसाठी घरी पाठवला होता. त्यावर शिमग्याच्या पालखीचा एक व्हिडिओ होता, माझे दीर धोंडू भावोजी यांनी मोबाईलवर काढलेला. त्यात माझा नवरा पालखी खांद्यावर घेऊन नाचतो. त्याच वर्षी पावसाळ्यात तो गेला. मला नवरा बघायची काही हौस नव्हती, चाळीस वर्षं बघितला होता. पण मुलाला हवा होता, आणि फाईल काही केल्या लागत नव्हती.

थांबा घरी आला. सुनेला खुर्चीवरून उठवलं. आधी फाईलची दुसरी प्रत काढली, मूळ फाईलला तो कधी हात लावत नसे. मग भावोजींना बोलावून विचारलं, काढताना काय झालं होतं? भावोजी म्हणाले, नाच रंगात आला आणि बॅटरी गेली.

"म्हणजे शेवट लिहायचा राहिला," थांबा म्हणाला. "तुम्ही बंद करता तेव्हा मोबाईल फाईलचा शेवट लिहितो. कुठे काय ठेवलंय ते त्यात असतं. शेवट नसला तर कॉम्प्युटरला सुरुवातही सापडत नाही."

चित्र मात्र सगळं आत आहे, असं तो म्हणाला. त्याच मोबाईलने काढलेली एक धड फाईल मिळाली, तर तिच्याकडे बघून मोडलेली जुळवता येते. भावोजींचा मोबाईल तोच होता. त्यांचा गुडघा धरतो. त्यामुळे काहीही काढायचं तर ते देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, घंटेच्या खांबाला टेकून बसतात आणि तिथूनच काढतात. दोन वर्षांनंतरची, म्हणजे थांबा आला त्या साली झालेली पालखीही त्यांनी तिथूनच काढली होती. थांबाने ती घेतली.

दुपारी फाईल लागली. नवरा नाचला. सून डोळे पुसत होती. थांबा नवऱ्याकडे बघतच नव्हता. त्याने दोन्ही सालांची चित्रं शेजारी शेजारी लावली, थोडी पुढे नेली, मागे आणली.

"थांबा," तो म्हणाला. या वेळी कोणाला नाही, स्वतःलाच. मग मला विचारलं, "काकू, हा फणस कोणाचा?"

आमच्या देवळासमोर विजेचा खांब आहे. त्याच्यामागे चढावर वरच्या आळीची चार घरं, त्यातलं पहिलं भावोजींचं. घरांच्या मागे डोंगर, आणि डोंगराच्या उतारावर भावोजींचा फणस. जुन्या चित्रात फणस खांबाच्या डावीकडे चार बोटं होता. नव्या चित्रात तो खांबाला चिकटला होता.

भावोजी म्हणाले, मी बसताना जरा सरकलो असेन. थांबा म्हणाला, तुम्ही सरकला असतात तर घरंही सरकलेली दिसली असती. खांब आणि तुमचं घर दोन्ही चित्रांत एका रेषेत आहे. फणस तेवढा हलला.

"माझा फणस चालाय लागला म्हणतोस?" भावोजी म्हणाले. "मग काय, पुढल्या शिमग्याला त्यालाच पालखी देऊ खांद्यावर."

सून हसली, मीही हसले. थांबा छत्री घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर घेऊन गेले. फणसाच्या वरच्या अंगाला, सुकल्या गवताखाली, डोंगराला आडवी भेग होती. गुरांचा पाय अडकेल एवढी. मी काठी आत घातली. मूठ जमिनीला टेकेपर्यंत काठी गेली आणि खाली काही लागलं नाही. थांबाने एक खडा टाकला. आम्ही दोघांनी कान दिला. खडा पडल्याचा आवाज आला नाही. तिथून खाली चार घरांची कौलं दिसत होती, आणि भावोजींची सून अंगणात नाचणी पाखडत होती.

आमच्या भागात डोंगर खाली आलेले लोकांनी पाहिले आहेत. कोणाची नावं घेत नाही. भावोजींनीही पाहिले आहेत. तरी ते म्हणाले, तो जुना चर आहे, आज्याच्या वेळचा.

थांबा पेनड्राइव्ह घेऊन तहसील कचेरीत गेला. तिथल्या कॉम्प्युटरवर फाईल लागली नाही. परत येऊन मला हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. सगळ्या तालुक्याचे व्हिडिओ लावले, काकू, आणि माझाच लागला नाही, म्हणाला. मग कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरला कळेल अशी फाईल करून नेली, वर दोन्ही चित्रं कागदावर छापून नेली. कचेरीतली माणसं आली, टेप लावून भेग मोजली आणि वरच्या आळीने पावसात खाली शाळेत राहावं असं सांगून गेली.

चारही घरं उतरली. दीड महिना शाळेत काढला. पाऊस धो धो झाला, नदीचं पाणी रस्त्याला लागलं, पण डोंगर होता तिथेच राहिला. वर मागे ठेवलेलं भावोजींचं धान्य उंदरांनी खाल्लं आणि दोन शेळ्या बिबट्याने नेल्या. घरी परतताना भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा म्हणाला थांब, तर डोंगर थांबला." वाडीभर ते झालं. पुढच्या पावसात दोनच घरं उतरली, तीही आठ दिवसांत परत वर गेली.

थांबा मात्र यायचा. दर अमावास्येला पोलादपूरहून यायचा, तिसऱ्या पायरीवर घंटेच्या खांबाला टेकून बसायचा आणि फणसाचा व्हिडिओ काढायचा. दिवस अमावास्येचा मी ठरवला होता, कारण तारीख माझ्या लक्षात राहत नाही, तिथी राहते. लोक विचारायचे, आज फणस काय म्हणतो? तो म्हणायचा, शब्दाला शब्द सांगेन तेव्हा ऐका.

तो येताना थकलेला दिसायला लागला. चढावर दोनदा बसायचा. डोळे पिवळे. एके दिवशी त्याने माझ्या हातात मोबाईल दिला. म्हणाला, यापुढे तुम्ही काढा. सुनेला काढायला सांगू नका, ती घाई करते. पायरी तीच, पाठ घंटेच्या खांबाला, कोपर गुडघ्यावर. वीस आकडे मोजायचे आणि मग बंद करायचं.

मी काढलं, बंद केलं आणि मोबाईल त्याच्याकडे द्यायला गेले. त्याने माझा हात तिथेच धरला.

"लगेच हलवू नका, काकू. शेवट लिहू द्या."

तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "भाऊ, डॉक्टर काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग."

तो दुसऱ्यांदा हसला तो तेव्हा. म्हणाला, "आकडा शून्याकडे चाललाय."

मी त्याला पाणी दिलं.

चैत्रात तो गेला. याला दोन वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. लोकांकडे लग्नाचे व्हिडिओ अजून लागत नाहीत, पण आता लोक ते तसेच टाकून देतात. माझ्याकडे मात्र थांबाने सांगितल्याप्रमाणे सुनेने प्रत्येक फाईलला महिन्याचं नाव घातलं आहे, आणि दुसरी प्रत वेगळी ठेवली आहे. मी चौथी शिकलेली, पण त्या फाईली मला कोणाच्या मदतीशिवाय लावता येतात.

गेल्या पावसानंतर फणस विजेच्या खांबाच्या मागे गेला. बरेच महिने त्याचं खोड दिसतच नव्हतं. भावोजी म्हणायचे, दिसत नाय म्हणजे थांबला. या वैशाखी अमावास्येला मी पायरीवर बसले, पाठ टेकली, मोबाईल धरला. फणस खांबाच्या उजवीकडे निघाला होता. खांब जागेवर होता, भावोजींचं घर खांबाच्या रेषेत होतं. मी वीस मोजले, बंद केलं, शेवट लिहू दिला आणि मग खाली आले.

भावोजींना बोलावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. ते म्हणाले, मोबाईल तिरका धरला असशील. त्यांनीच काढलेली जुनी पालखी एका बाजूला लावली आणि ही दुसऱ्या बाजूला. तिकडे त्यांचा भाऊ नाचत होता, इकडे रिकामं अंगण होतं. भावोजी भावाकडे बघत होते. मी काठीचं टोक पडद्यावर फणसाला लावलं, मग दुसऱ्या फणसाला.

"थांब गो वयनी," ते म्हणाले. "परत लाव."

मी परत लावलं. तीन वेळा लावलं. मग ते गुडघा धरून उठले आणि वर गेले.

काल सकाळी दार उघडलं तर माझ्या अंगणात त्यांच्या सगळ्या शेळ्या बांधलेल्या होत्या, गाय आणि पाडीसुद्धा. विचारलं तर म्हणाले, वर चारा नाय. वर चारा आहे, मी बघितला आहे.

पावसाला फार दिवस राहिलेले नाहीत. गुरं खाली आली. माणसं अजून वर आहेत.