पट्टीचा एक ठोका

परवा नाशिकला एका शोकसभेत दोन मिनिटांची शांतता जाहीर झाली. अर्ध्या मिनिटातच खुर्च्या कुरकुरल्या, आणि मला १९३५च्या सुमाराचा आमचा कॉलेजातला फ्रेंचचा वर्ग आठवला.

फ्रेंचमधली काही क्रियापदं अपुरी असतात. त्यांची सगळी रूपं नसतातच. आम्ही ती ओळीनं म्हणताना, जिथे रूप नाही तिथे सर टेबलावर लाकडी पट्टीचा ठोका देत आणि तेवढा वेळ आम्ही गप्प राहायचं. नकारार्थी प्रश्नाला नुसतं हो-नाही त्यांना चालत नसे. उत्तर पूर्ण वाक्यातच हवं.

त्या थंडीत माझ्या बाकावरचा, पेठ तालुक्यातून आलेला गावित विषमज्वरानं गेला. पुढच्याच आठवड्यात कोणी बडे साहेब वर्ग पाहायला यायचे होते. व्हरांड्यात लाल जाजम आलं, तेही मामलेदारांच्या घरून मागून आणलेलं. हजेरीतून गावितचं नाव काढा, असा प्रिन्सिपॉलांचा हुकूम होता.

"सर, नाव खोडायचं राहिलंय," पुढच्या बाकावरून कुलकर्णी कुजबुजला.

"राहिलेलं नाही, कुलकर्णी."

साहेब येऊन बसले. हजेरी सुरू झाली. "गावित," सर म्हणाले आणि पट्टीचा ठोका पडला. वर्ग गप्प.

"आज आला नाही का तो?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही," सर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही.

तेव्हा मला त्यांच्या नोकरीची धास्ती वाटली होती. आज वाटतं, खरी शोकसभा मी ती एकच पाहिली. नोकरी राहिली, आणि वर्ष संपेपर्यंत तो ठोका रोज पडत राहिला.