दर्भाच्या कावळ्याबाबत तक्रार

तक्रारदार : मी, केबिन रोडवर टेबल टाकून बसणारा अर्जलेखक.
मयत : कै. सीताराम धोंडू घाणेकर, राहणार हाटकेश, मूळ गाव गुहागरकडे.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार : मयताचे एकुलते चिरंजीव मंगेश, राहणार पूनम सागर.
घटनेचा दिवस : मयताचा दहावा.
साक्षीदार : मयताची पत्नी पार्वतीवहिनी, दहाव्याचे गुरुजी आणि खाडीकाठच्या पिंपळावरचे कावळे. पैकी कावळ्यांना बोलण्याची संधी देण्यात आली नाही.

मयत इसम कोण होते, हे प्रथम नमूद करणे भाग आहे. समोर माणूस येऊन बसला की सीतारामभाऊ मनगटावरचे घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकीत आणि म्हणत, "बोला. घड्याळ निजवलंय." माझ्या टेबलापाशी साहेब लोक येतात, पुढारी येतात, सगळे घाईत. माझा मजकूर शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा एकच गृहस्थ मला भेटला.

हाटकेशच्या एका गाळ्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करीत. एकदा शेजारच्या मशीनवरील कामगाराला गावाहून आई गेल्याचा फोन आला. भाऊ मशीन बंद करून त्याच्याजवळ जमिनीवर बसले. शेठ ओरडत आले, तेव्हा भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "सेठ, बर्तन रुकता है. आदमी नहीं रुकता." शेठ आल्या पावली परत गेले.

रविवारची दुपार मात्र भाऊ कोणालाही देत नसत. ती मंगेशची. वहिनी तीन ताटे मांडीत, आणि दर रविवारी ऐन जेवणाच्या वेळी फोन येई, की बाबा, पुढच्या रविवारी नक्की. असे एकदा मी त्या तिसऱ्या ताटावर बसलो असता माझा संयम सुटला. मुलगा दुबईला आहे काय, हाटकेशहून पूनम सागरला रिक्षा जात नाही काय, असे मी स्पष्ट विचारले.

भाऊ म्हणाले, "माज्या बापाला भेटायला मला होडी धरायला लागायची. ह्याला रिक्षा गावत नाय. कामात असंल. तुमी जेवा, कालवण थंड होतंय."

स्वतः मात्र ते भात नुसता चिवडत राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे पिंपळावरून बघत होते, पण एकही खाली उतरेना. रीतीप्रमाणे प्रत्येकाने हात जोडून मयताला शब्द दिला. वहिनींना सांभाळू, गावच्या गणपतीला जाऊ, घर विकणार नाही. कावळा ढिम्म. भाऊंची इच्छा कशात अडकली आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अखेर मीच मंगेशला म्हणालो की रविवारी आईकडे जेवायला येईन, एवढे बोल.

त्याने मनगटाकडे पाहिले. "काका, अकराला कॉल आहे. लॅपटॉप गाडीतच आहे. गुरुजी, ते दर्भाचं करून टाका ना."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. शास्त्रात ही सोय आहे, हे मी जाणतो. परंतु ती सोय कावळा येत नसेल तेव्हासाठी आहे. मुलगा थांबत नसेल तेव्हासाठी नव्हे. बापाने जन्मभर परक्यांसाठी घड्याळ निजवले, आणि पोटच्या पोराने त्याच बापाला घड्याळ दाखवून वाटेला लावले. याला मी गुन्हा म्हणतो. कोणत्या कलमाखाली येतो, ते कलम लिहिणाऱ्यांनी शोधावे.

गाडी निघून गेली तरी वहिनी पिंडासमोरून उठल्या नाहीत. तिथूनच त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सगल्यांचं लिहून देता. रविवारी त्याचं ताट मांडू की नको, एवढं इचारा त्याला."

म्हणून हा अर्ज.

तरी श्री. मंगेश यांना विनंती, की वरील प्रश्नाचा खुलासा करावा. लेखी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. फोन तर नाहीच नाही. येत्या रविवारी दुपारी हाटकेश येथे समक्ष हजर राहावे आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवावे.